बियांत तेल किती ते नंतर. गोळा कोण करणार ते आधी बघा

प्रश्न (थोडक्यात): आम्ही इंदूरला रामबागेत राहतो, शेती सांवेर तालुक्यात आहे. चौदा एकरांपैकी दहा एकर काळी, तिथे सोयाबीन आणि गहू. चार एकर टेकाडावरची मुरमाड, पडीकच म्हणा. घरच्या सहा म्हशी. एक कंपनी नेपियर गवताचा करार घेऊन आली आहे. दुसरा एक जण रतनजोत आणि करंजाची रोपं देतो म्हणतो. मुलगा बायोटेक्नॉलॉजी शिकतोय, त्याच्या मते भविष्य शेवाळाचं. वनस्पतींपासून इंधन काढण्यात खरंच किती दम आहे, आणि आम्ही काय लावावं?

उत्तर:

इंधनासाठी म्हणून काहीही लावू नका. एवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून हिशेब मांडतो. माझी नोकरी आधी तेलापासून बायोडिझेल करण्यात गेली, नंतर ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्यात. दोन्हीकडे कच्चा माल दारात येऊन पडेपर्यंतची गोष्टच अवघड असते. पुढचं रसायनशास्त्र सोपं आहे.

तुमच्याच पिकापासून सुरुवात करू. माळव्यात कोरडवाहू सोयाबीन हेक्टरी साधारण दहा क्विंटल येतं. दाण्यात तेल १८ ते २० टक्के, म्हणजे हेक्टरी १८० किलो तेल. मध्य प्रदेशात सोयाबीनखाली ५० लाख हेक्टरहून अधिक जमीन आहे. ती सगळीच्या सगळी इंधनाला दिली तर नऊ-दहा लाख टन तेल निघेल. देशात वर्षाला डिझेल जळतं सुमारे ९ कोटी टन. अख्ख्या राज्याचं सोयाबीन घाण्यात घालून आपण डिझेलचा एक टक्का भागवणार, आणि खायचं तेल मात्र निम्म्याहून जास्त बाहेरून आणणार, जे आपण आजही आणतोच.

हाच हिशेब उन्हाच्या बाजूने केला की आणखी डोळे उघडतात. १८० किलो तेलात उष्णता असते सुमारे १,९०० युनिट. इंदूरच्या आकाशाखाली एका चौरस मीटरवर वर्षभरात जवळपास तेवढंच ऊन पडतं. हेक्टरमध्ये असे दहा हजार चौरस मीटर असतात! सोयाबीन झाड म्हणून वाईट आहे असा याचा अर्थ नाही. प्रकाशसंश्लेषणाची शास्त्रीय कमाल मर्यादाच गहू-सोयाबीनसारख्या पिकांत साडेचार टक्क्यांच्या आसपास आणि ऊस-मक्यासारख्यांत सहा टक्क्यांच्या आसपास आहे. शेतात प्रत्यक्षात एक टक्काही क्वचित गाठला जातो. त्यातून मूळ, खोड, पानं वजा केली, मग दाणा, मग दाण्यातलं तेल. घराच्या गच्चीवरचं सव्वा-दीड किलोवॉटचं सौर पॅनेल वर्षाला एवढीच ऊर्जा देतं, तीही थेट विजेच्या रूपात. तेव्हा मुरमाड टेकाडाकडे ‘ऊर्जेची शेती’ म्हणून बघायचं असेल तर तिथे झाड नव्हे, पॅनेल शोभेल. जैवइंधनाची खरी जागा विजेने जिथे भागत नाही तिथे: ट्रक, बस, विमान, बॉयलर, चूल.

आता रतनजोत, म्हणजे आपला मोगली एरंड. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ मध्ये याच झुडपावर मोठा डाव मांडला होता. पडीक जमिनीवर लाखो हेक्टर लागवड आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल, असा तो बेत. आज डिझेलमधलं बायोडिझेलचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आहे. बियांत तेल ३०-३५ टक्के असतं हे खरं, आणि रोपं विकणारे तोच आकडा पुढे करतात. पण कागदावर हेक्टरी तीन ते पाच टन बी धरलं होतं. पाणी-खत न देता पडीक रानात एक टनही पदरात पडेना. झाड जगतं, पण जगणं वेगळं आणि फळणं वेगळं. फळं एकदम पिकत नाहीत, त्यामुळे त्याच झुडपाकडे पुन्हा पुन्हा माणूस पाठवून हाताने तोडणी करावी लागते. ‘गुरं याला तोंड लावत नाहीत’ हा गुण म्हणून सांगतात. त्याच कारणाने त्याची पेंड गुरांना घालता येत नाही, कारण तिच्यात फॉर्बोल एस्टर नावाचं विष असतं. सोयाबीनमध्ये पेंडच अर्ध्याहून जास्त पैसे देते. इथे ती बाजूच नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये डेहराडूनहून दिल्लीला एका प्रवासी कंपनीचं विमान रतनजोतीपासून केलेलं इंधन २५ टक्के मिसळून उडालं होतं. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेचं ते काम उत्तम होतं, त्यात शंका नाही. पण त्यातून रतनजोतीपासून इंधन होतं एवढंच सिद्ध झालं, आणि त्याबद्दल वाद कधीच नव्हता.

करंजाबद्दल मला जरा माया आहे. इंदूरच्या रस्त्यांच्या कडेला इतके करंज आहेत की उन्हाळ्यात शेंगांचा सडा पडतो. बियांत तेल ३० टक्क्यांच्या आसपास, झाड नत्र धरणारं, सावली दाट. पण रोप लावल्यापासून धड उत्पन्न यायला पाच-सात वर्षं लागतात, आणि शेंगा फोडणं कटकटीचं. शिवाय करंज तेलाला कीडनाशकं, साबण आणि चामडं कमावणारे डिझेलवाल्यांपेक्षा चांगला भाव देतात, मग ते जाळायचं कशाला? झाबुआ-अलीराजपूरकडच्या मोहाच्या बियांची, म्हणजे गुल्लीची, हीच कथा. ते तेल तिथले लोक खातात, दिव्याला वापरतात. त्यात आम्ल वीस टक्क्यांपर्यंत चढलेलं असू शकतं आणि थंडीत डब्यात थिजतं. कोकणात उंडीचं तेल पूर्वी दिव्यात जळायचं. दिव्याला ते ठीकच होतं, दिव्याला दिवसाला हजार लिटर लागत नव्हते.

या आम्लाचं महत्त्व सांगतो, कारण पुढे तळणीच्या तेलातही तोच मुद्दा येणार आहे. बायोडिझेल करायचं म्हणजे तेल ६० अंशांच्या थोडं वर तापवून त्यात मिथेनॉल आणि टक्काभर कॉस्टिक सोडा घालायचा. मिथेनॉल ६५ अंशांना उकळतं, म्हणून त्यापुढे जायचं नाही. शंभर किलो तेलाला खर्ची पडतं अकरा किलोच मिथेनॉल, पण घालावं लागतं त्याच्या दुप्पट. उरलेलं परत मिळवायचं. हाती येतं शंभर किलो बायोडिझेल आणि दहा किलो ग्लिसरीन. ही क्रिया नवी नाही, बेल्जियममध्ये तिचं पेटंट १९३७ सालचं आहे. मात्र तेलात मुक्त आम्ल दोन टक्क्यांच्या वर गेलं की कॉस्टिक आधी त्याच्याशी जुळतं आणि टाकीत साबण होतो. मग ग्लिसरीन वेगळं बसत नाही आणि धुताना फेसच फेस. त्यामुळे आधी सल्फ्युरिक आम्लाची एक वेगळी पायरी घ्यावी लागते. पावसाळा काढलेल्या गोदामातल्या बियांचं तेल हमखास असं निघतं.

नेपियरकडे येऊ, कारण सही तिथेच होण्याची भीती आहे. गवत म्हणून ते जोरदार आहे. पाणी आणि नत्र दिलं तर वर्षात अनेक कापण्या. पण ओल्या नेपियरमध्ये सुकं द्रव्य असतं पाचवा हिस्सा. बाकीचं पाणीच तुम्ही ट्रॉलीत भरून नेत असता. कंपनी ते टाकीत कुजवून बायोगॅस करणार. एका टन ओल्या गवतातून शुद्ध केलेला गॅस ३०-३५ किलो धरावा. गवताला किलोला एक रुपया जरी दिला तरी प्रत्येक किलो गॅसमागे तीस रुपये नुसत्या गवताचे झाले. केंद्राच्या ‘सतत’ योजनेत २०१८ मध्ये अशा गॅसची खरेदी-किंमत सुरुवातीला ४६ रुपये किलो ठरली होती. उरलेल्या सोळा रुपयांत कापणी, कुट्टी, टाक्या, शुद्धीकरण, २५० बारला दाबणारा कॉम्प्रेसर, वीज, पगार आणि बँकेचा हप्ता बसवून दाखवा. मग कंपनी एकतर तुमचा भाव पाडणार किंवा माल उचलायलाच येणार नाही. त्या योजनेत २०२३ पर्यंत ५,००० प्रकल्प व्हायचे होते. प्रत्यक्ष आकडा त्याच्या जवळपासही पोचला नाही, त्यामागे अनेक कारणं आहेत, त्यातलं एक हे गणित. आणि नेपियरला पाणी हवं, म्हणजे ते मुरमावर येणार नाही. ते तुमच्या काळ्या जमिनीत घुसणार.

आता देवगुराडियाला चला. पूर्वी जिथे आपल्या शहराचं ट्रेंचिंग ग्राउंड होतं आणि बायपासवरून जाताना नाक दाबावं लागायचं, तिथे १९ फेब्रुवारी २०२२ पासून गोबर-धन प्रकल्प सुरू आहे. रोज ५५० टन ओला कचरा घ्यायची आणि १७,००० किलो बायो-सीएनजी, म्हणजे शुद्ध करून दाबलेला बायोगॅस, द्यायची त्याची क्षमता. शिवाय १०० टन खत. भागाकार करा: टनाला ३१ किलो. म्हणजे नेपियरएवढाच गॅस! फरक एवढाच की हा कच्चा माल कोणी पेरला नाही, त्याला पाणी दिलं नाही आणि त्याला गवतासारखी किंमतही मोजावी लागली नाही. घरोघरी ओला-सुका वेगळा करून गाडीत टाकायची सवय इंदूरला लागली, आणि ती गाडी गॅस झाला काय, नाही झाला काय, येणारच होती. गोळा करण्याचा खर्च आधीच कोणीतरी उचललेला आहे. दीडशे कोटींची गुंतवणूक खासगी कंपनीने केली आणि निम्मा तरी गॅस महापालिका शहर बससाठी घेणार, असं आधीच ठरलं होतं. माल आणि गिऱ्हाईक दोन्ही बांधलेले. इतर शहरांची शिष्टमंडळं यंत्रं बघून जातात. बघायला हवी सकाळची कचरागाडी.

तुमचा प्रश्न ‘वनस्पती’ असा आहे, पण या प्रकल्पातले खरे कामकरी वनस्पती नाहीत. टाकीत आधी एका जातीचे जिवाणू कचऱ्याचं आम्ल करतात, मग दुसरे, आर्किया नावाचे जिवाणूंसारखेच पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव, त्या आम्लाचा मिथेन, म्हणजे जळणारा गॅस, करतात. पहिले चपळ, दुसरे संथ आणि नाजूक. घर चालवण्यासारखंच आहे: कमावणारा संथ आणि खर्च करणारा चपळ असेल तर लक्ष ठेवावं लागतं. दिवाळीनंतर मिठाया आणि फराळ एकदम आला, किंवा मे-जूनमध्ये आंब्याची सालं टनांनी आली, की आम्ल भराभर तयार होतं आणि मिथेनवाल्यांना ते आवरत नाही. सामू (पीएच) ६.८ च्या खाली घसरला की ते काम सोडतात. ऑपरेटरला हे सामू मोजून कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. त्याआधी गॅसमधला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि आम्ल-क्षारतेचं गुणोत्तर चढतं. ज्याची नजर त्या दोन आकड्यांवर आहे तो टाकी वाचवतो. उपाय साधा असतो, दोन-तीन दिवस खाणं तोडायचं आणि शेणाचा काला सोडायचा. रसवाल्यांकडची मोसंबी-संत्र्याची सालं मात्र ढिगाने घालू नयेत, त्यातलं लिमोनीन या जिवांना मारक आहे. आंब्याच्या कोयी तर नुसत्या तळाशी बसून पंप अडवतात.

हे सगळं घरगुती प्रमाणातही चालतं. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने खरकट्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र घराघरांत पोचवलं, त्याला २००६ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. त्यांचं म्हणणं असं की शेण हे जनावराने आधीच पचवून उरलेलं, म्हणून त्यात गॅस थोडा, पीठ-भात-खरकट्यात खूप.

इथेनॉलवर फार वेळ घालवत नाही, तो तुमच्या हातातला विषय नाही. पण एक धागा तुमच्या सोयाबीनशी जोडलेला आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचं २०३० चं लक्ष्य अलीकडे ओढून २०२५-२६ वर आणलं आणि ते गाठताना मक्याचा वापर झपाट्याने वाढला. टनभर मक्यातून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघतं, आणि मागे उरतो प्रथिनयुक्त चोथा, डीडीजीएस. तो कोंबडीखाद्यात सोयाबीनच्या डीओसीच्या, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीच्या, जागी स्वस्तात जाऊ लागला. इंदूरातच असलेली सोयाबीन प्रक्रिया उद्योगाची संघटना, सोपा, याची तक्रार करत आली आहे. डीओसी उठेना की मंडीत तुमच्या सोयाबीनचा भाव दबतो. एका पिकाचं इंधन दुसऱ्या पिकाच्या खिशातून कसं पैसे काढतं, याचं इतकं जवळचं उदाहरण शोधूनही मिळायचं नाही. उसाचं पाणी तर सर्वांना ठाऊक आहे: नीती आयोगाच्याच २०२१ च्या आराखड्यात लिटरभर इथेनॉलमागे २,८६० लिटर पाणी धरलं आहे.

काडीकचऱ्यापासून इथेनॉल हा मात्र खरा आशेचा भाग. पानिपतला इंडियन ऑइलचा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये उभा राहिला: वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा आणि तीन कोटी लिटर इथेनॉल. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राजचं. लाकूड-काडीतल्या सेल्युलोजची साखर करायला जी विकरं लागतात ती देणाऱ्या बुरशीचा, ट्रायकोडर्मा रीसीचा, शोध गमतीशीर आहे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे तंबू आणि सुती कपडे कुजू लागले, आणि ते खाणारी बुरशी हीच निघाली. पण इथेही घोडं पेंढ्यापाशीच अडतं. पेंढा शेतात तीन आठवड्यांत उचलावा लागतो आणि कारखाना बारा महिने चालवायचा असतो. मधल्या काळात गंजी आगीपासून आणि पावसापासून सांभाळायच्या.

आता चिरंजीवांचं शेवाळ. कागदावर त्याच्यासारखं काही नाही: वजनाच्या वीस ते पन्नास टक्के तेल, शेतजमीन नको, खारं पाणीही चालतं. म्हणूनच अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ एवढा काळ त्यावर काम केलं आणि मग थांबवलं. एक्सॉनमोबिलने २००९ मध्ये मोठ्या जाहिराती करून सुरुवात केली, २०२३ मध्ये अंग काढून घेतलं. अडचण गोळा करण्याचीच. उघड्या तळ्यात लिटरला अर्धा ग्रॅम शेवाळ असतं. किलोभर सुकं शेवाळ हवं तर दोन हजार लिटर पाणी उपसून गाळायचं, मग ते वाळवायचं. बरीच ऊर्जा तिथेच जाते. त्यात तेल भरपूर हवं तर नत्र तोडावं लागतं, आणि नत्र तोडलं की वाढ मंदावते. दोन्ही एकदम मिळत नाही. उरलंसुरलं तळ्यात शिरलेले सूक्ष्म प्राणी दोन रात्रींत फस्त करतात. स्पिरुलिना गोळ्यांच्या भावाने विकली जाते म्हणून तिचा धंदा चालतो. डिझेलच्या भावाने शेवाळ विकून कोणाचं भागलेलं नाही. मुलाला म्हणावं, शिक जरूर, पण हात टाकीतल्या जिवाणूंवर किंवा विकरांवर बसव. नोकऱ्या तिथे आहेत.

शहरात राहून काही करायचं असेल तर तळणीचं तेल बघा. शेव, कचोरी, पोह्याबरोबरची जिलबी यांवर जगणाऱ्या आपल्या शहरात ते कमी पडणार नाही. २०१८ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे की तेलातली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते तळायला वापरू नये, आणि तेच तेल बायोडिझेलला वळवण्याची ‘रुको’ योजनाही त्याच वर्षीची. अडचण अशी की मोठ्या कढईतलं जुनं तेल छोट्या गाडीवाल्याला विकलं जातं आणि तो बायोडिझेलवाल्यापेक्षा जास्त पैसे देतो. जो गोळा करतो त्याला आम्लाची चाचणी दुकानाच्या पायरीवरच करता आली पाहिजे, नाहीतर टाकीत साबण होणारं तेल पदरात पडतं. कष्ट आहेत, पण हा धंदा रतनजोतीपेक्षा शंभर पटींनी खरा आहे.

मग तुम्ही काय करायचं? सहा म्हशींचं शेण रोज सत्तर किलो तरी धरा. पंचवीस किलोला एक घनमीटर गॅस, म्हणजे पावणेतीन घनमीटर. एका घनमीटरला साधारण ४०० ग्रॅम एलपीजीची बरोबरी. कागदावर महिन्याला सवादोन-अडीच सिलिंडर होतात. डिसेंबर-जानेवारीत सांवेरच्या उघड्या रानात रात्रीचा पारा दहाच्या खाली गेला की गॅस घटतो, म्हणून मी दोनच धरेन. तीन घनमीटरचं संयंत्र गोठ्याला लागून, उन्हाच्या बाजूला, विहिरीपासून लांब बांधा. शेण-पाणी सारख्या प्रमाणात, चाळीस दिवसांचा मुक्काम. बाहेर पडणारा काला गव्हाला द्या. त्यातलं नत्र लगेच लागू पडतं, उन्हात वाळवलंत तर उडून जातं.

गव्हाची नरवाई, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेली खुंटं, जाळत असाल तर थांबा. हार्वेस्टरमागे रीपर फिरवून भुसा करा. म्हशींना लागेल तो ठेवा, उरलेला ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या, करणाऱ्यांना द्या. पण आधी ट्रॉलीचं भाडं विचारा. सुटा भुसा फुगीर असतो, ट्रॉली भरते आणि काटा हलत नाही. पंचवीस-तीस किलोमीटरपलीकडचा गिऱ्हाईक सहसा परवडत नाही.

मुरमाड चार एकरांत करंज लावायचा तर बांधाला लावा, सावलीसाठी आणि पेंडीसाठी. पेंड उत्तम खत आहे, तेल मिळालं तर वरकमाई. बाकी उतारावर चर खणून पाणी अडवा आणि गवत येऊ द्या, म्हशींना कामाला येईल.

नेपियरच्या करारात तीन गोष्टी शोधा. भाव ओल्या वजनावर की सुक्या, आणि ओलावा मोजणार कोण? कापणी झाल्यावर किती तासांत उचल, आणि नाही उचलला तर दंड कोणाला? तिसरी सर्वांत महत्त्वाची: प्रकल्पाच्या टाक्या आज उभ्या आहेत का, की आधी शेतकऱ्यांकडून रोपांचे आणि सभासदत्वाचे पैसे गोळा करून मग त्या उभ्या राहणार? रोपं विकणारा आणि पीक घेणारा एकच असेल, त्यातही पहिला व्यवहार रोख आणि दुसरा दोन वर्षांनी, तर त्याचा नफा रोपांतच झालेला असतो. कराराची प्रत माझ्याकडे पाठवा, मी वाचून देतो. तोवर सही थांबवा आणि बयाणा तर मुळीच देऊ नका.